अभय कोणाला?

काही शब्द नुसते नाव राहत नाहीत, ते वचन होतात. 'अभयारण्य' हा मराठीतील असाच एक शब्द. 'राखीव जंगल' म्हटले, की राखणारा डोळ्यांपुढे येतो. त्याचे कुंपण, त्याचा रखवालदार, त्याची पावती. 'अभयारण्य' म्हटले, की राखणारा मागे सरतो आणि ज्याला भय आहे तो पुढे येतो. अभय ही द्यावयाची गोष्ट आहे. शरण आलेल्याला अभय देतात, आणि एकदा दिलेले अभय स्वतःच मोडणे हा आपल्या देशाच्या परंपरेने मोठा अधर्म मानला आहे. ससाण्याच्या भयाने आश्रयास आलेल्या कबुतरासाठी शिबी राजाने स्वतःचे मांस तोलून दिले, ही कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे.

इंग्रजीतील 'सँक्च्युअरी' हा शब्द तर थेट आमच्या वेदीपासून निघाला आहे. चर्चमधील वेदीभोवतालची पवित्र जागा, ती सँक्च्युअरी. मध्ययुगीन युरोपात जिवाच्या भीतीने पळणारा माणूस देवळाच्या आश्रयाला पोहोचला, की त्याच्यावर हात टाकणे हे पाप समजले जाई. जुन्या करारातही हातून नकळत मनुष्यवध घडलेल्यांसाठी आश्रयाची सहा नगरे नेमून दिलेली आहेत. पुढे हाच शब्द पशुपक्ष्यांच्या आश्रयस्थानाला लावण्यात आला. तेव्हा अभयारण्याच्या फाटकापाशी उभा राहिलेला ख्रिस्ती माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, एका परीने वेदीच्या कठड्यापाशीच उभा असतो.

हे सांगण्याचे कारण असे, की अभयारण्य पाहावयास जाणे हा आता आपल्या कुटुंबांच्या सुटीचा एक नित्याचा भाग झाला आहे. पूर्वी धर्मग्रामातून सहल निघाली, तर ती ओल्ड गोव्याला, वेलंकनीला किंवा माउंट मेरीला जाई. आता तरुणांच्या मंडळांतून ताडोबा, दांडेली, कर्नाळा ही नावे ऐकू येतात. आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तर फेब्रुवारी सरत आला, की वेळासच्या कासवांची चौकशी मुंबई-पुण्याहून सुरू होते. ही गोष्ट आनंदाचीच आहे. दिवाणखान्यातील पडद्यावर वाघ पाहण्यापेक्षा, उन्हातान्हात, धूळ खात, त्याच्या रानात जाणे केव्हाही चांगले. परंतु ज्याला आपण अभय दिले, त्यालाच पाहण्यासाठी त्याच्या दारात गर्दी करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला, हा प्रश्न सुटीच्या घाईत सहसा कोणी विचारीत नाही.

कायद्यापुरते याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना देता येतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबर पर्यटन हेही त्याचे एक मान्य कारण आहे. मात्र कायदा फाटक उघडून देतो, तेथेच त्याचे बोट सुटते. आत गेल्यावर आपण कोणत्या नजरेने पाहावे, हे तो सांगू शकत नाही. तो प्रांत सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

अडविलेली वाट

३१ डिसेंबर २०२४ रोजी, सरत्या वर्षाला निरोप देण्यासाठी लोक ठिकठिकाणी जमले असताना, विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव परिसरात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडविली. तिला पुढे जाता येईना, मागे वळता येईना. ती दृश्ये सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. काही वाहनचालक आणि मार्गदर्शक यांना निलंबित करण्यात आले.

या घटनेत आम्हांला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की त्या वाहनांत बसलेल्यांपैकी कोणीही दुष्ट हेतूने आला नसावा. कोणाच्या हाती बंदूक नव्हती. बहुतेकांना वाघ आवडत असणार; म्हणूनच तर ते पैसे मोजून आले होते. मुलांना वाघ दाखवावा, ही बापाची इच्छा काही पाप नव्हे. आणि तरीही या साऱ्या निरुपद्रवी इच्छांची बेरीज एका आईची वाट अडविण्यात झाली. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला शिकविले जाई, की कृतीचा हेतू चांगला असून भागत नाही. कृतीचे स्वरूप आणि तिची परिस्थिती हीही तपासावी लागतात. त्या धड्याला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक छोटासा नियम आहे. वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पाखराचे घरटे आढळले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरू नये. आईला जाऊ द्यावे. नियम देणारे लोक शेतकरी आणि मेंढपाळ होते, अन्नासाठी पाखरे धरीत होते. तरीही आई आणि पिले एकत्र असताना माणसाने आपला हात आवरावा, एवढी मर्यादा त्यांना घालून दिली होती. आपण तर भुकेपोटी जात नाही. मग आपल्याला याहून अधिक मर्यादा असावी, की कमी?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या पुस्तकात डोळ्यांच्या वासनेचा ऊहापोह केला आहे. हा शब्दप्रयोग संत योहानाच्या पहिल्या पत्रातला. संत म्हणतात, की सशाच्या मागे धावणारा कुत्रा पाहण्यासाठी आता आपण क्रीडांगणात जात नाही. पण शेतातून जाताना तेच दृश्य समोर आले, तर मन एखाद्या गंभीर विचारावरून तिकडे ओढले जाते. घरी बसले असता माश्या पकडणारी पालही आपले लक्ष वेधून घेते, असेही ते प्रांजळपणे सांगतात. पाल पाहणे हे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे नाही. त्या पाहण्यातून निर्मात्याच्या स्तुतीकडे जाता येते, हे ते मान्य करतात. परंतु आरंभ स्तुतीने झालेला नसतो, तो नुसत्या कुतूहलाच्या ओढीने झालेला असतो, हे त्यांच्या सूक्ष्म नजरेतून सुटत नाही. सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे निदान आजच्या 'सफारी'ला तंतोतंत लागू पडते. परतणाऱ्या वाहनाला येणाऱ्या वाहनातून एकच प्रश्न विचारला जातो, "दिसला का?" काय दिसले, असे कोणी विचारीत नाही. मोर, सांबर, रानकुत्रे, अर्जुनाचे जुने झाड, यांतले काहीही दिसले असले, तरी 'तो' दिसला नसेल, तर दिवस फुकट गेला.

याच उमरेडच्या रानात पूर्वी 'जय' नावाचा एक वाघ होता. नागझिऱ्याहून तो तेथे आला, त्याच्यामुळे अभयारण्याचे नाव सर्वदूर झाले, आणि २०१६ साली तो दिसेनासा झाला. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली. बायबलमध्ये नाव देणे म्हणजे नाते जोडणे, जबाबदारी घेणे. आपणही वाघांना नावे देतो. पण नाव दिल्यानंतर आपण त्याचे पालक होतो की प्रेक्षक, हे एकदा मनाशी ताडून पाहिले पाहिजे.

पाहावे, की पाहू नये?

मग फाटके बंदच करावीत काय? तसा विचारही झालेला आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन सुमारे तीन महिने थांबविले होते. पुढे मार्गदर्शक तत्त्वे ठरल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

आम्हांला वाटते, की 'जाऊच नका' हे ख्रिस्ती उत्तर होऊ शकत नाही. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे प्रभूनेच डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद ओझरत्या नजरेचे नाही. नजर रोवून, मन लावून पाहणे असा त्याचा भाव आहे. प्रभूने पाखरांकडे पाहावयास सांगितले, ते आपल्या मनातील उद्याची चिंता उतरावी म्हणून. म्हणजे पाहणे हे शिकणे आहे, आणि शिकणारा गुरूपुढे नम्र असतो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तर पाहण्याचा आरंभ परमेश्वरापासूनच होतो. तो निर्माण करतो, पाहतो, आणि ते चांगले आहे असे म्हणतो. हे 'चांगले' माणूस जन्माला येण्यापूर्वी अनेकदा उच्चारले गेले आहे. एवढेच नव्हे, तर बायबलमधील पहिला आशीर्वादही माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी जलचरांना आणि पाखरांना मिळाला: त्यांनी वाढावे, समुद्र भरून टाकावा. माणसाला सत्ता दिली गेली ती सहाव्या दिवशी, आणि तीही आधीच आशीर्वाद मिळालेल्या प्राण्यांवर. ज्याला धन्याने आशीर्वाद दिला आहे, त्याच्याशी कारभाऱ्याने कसे वागावे, हे वेगळे सांगावयास नको.

ईयोबाच्या पुस्तकात हाच विचार टोकाला नेलेला दिसतो. दुःखाने पोळलेला ईयोब देवाला जाब विचारतो, आणि देव त्याला उत्तरादाखल रानातील प्राणी दाखवितो. रानबकऱ्या केव्हा वितात, हे तुला ठाऊक आहे काय? माणूस जेथे राहतच नाही अशा भूमीवर पाऊस कोण पाडतो? शहामृगी आपली अंडी वाळूत टाकून जाते, त्यांवर कोणाचा पाय पडेल याचे तिला भान नसते. तरी तिचा वंश चालतो. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगितले जात नाही. त्याला एवढेच कळते, की जगाचा फार मोठा भाग त्याच्यासाठी नाही, त्याच्या नजरेसाठीही नाही. आणि त्या भागावरही देवाचे लक्ष आहे. विलक्षण गोष्ट अशी, की हे कळल्यावर ईयोबाला शांती लाभते.

वेळासची वाळू

ईयोबाच्या पुस्तकातील ही वाळूतली अंडी आमच्या जिल्ह्यातही आहेत. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्रीच्या वेळी येतात. मादी हात-दीड हात खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती पिलांना पाहण्यासाठी थांबत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूची ऊबच आईचे काम करते.

पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या तावडीत सापडत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी या किनाऱ्यावर फिरत असता त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. तेथून कामाला आरंभ झाला. ग्रामस्थांना बरोबर घेऊन, वन विभागाच्या साहाय्याने, किनाऱ्यावर कुंपण घालून अंडी त्यात सुरक्षित ठेवली जाऊ लागली. पुढे काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातच, घराघरांतून उतरू लागले. ओटीवर झोपू लागले, घरचे जेवण जेवू लागले. ज्या अंड्यांचे पूर्वी थोडेबहुत पैसे येत, तीच अंडी राखल्याने घरात चार पैसे येऊ लागले. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना 'पर्यटन म्हणजे पाप' असे कोण म्हणेल? येथे पाहणाऱ्यांनीच राखणाऱ्यांचे हात बळकट केले आहेत.

तरीही वेळासची खरी परीक्षा याच यशात दडलेली आहे. कासवाच्या पिलांना शनिवार-रविवार ठाऊक नसतो. ती वाळू थंड असताना, बहुधा रात्री किंवा पहाटे, वर येतात. जन्मतःच पोटाशी बलकाची थोडी शिदोरी असते. तिच्या बळावर त्यांना लाटा ओलांडून खोल पाण्यात जावयाचे असते. समजा, पिले वर आली आहेत आणि पाहुणे अजून वाटेत आहेत. किंवा पाहुणे आले आहेत आणि पिले आलीच नाहीत. दूरवरून मुले घेऊन आलेल्या माणसाचा हिरमुसलेला चेहरा पाहून कोणाच्याही मनात मोह उत्पन्न होईल. अशा वेळी घड्याळ कोणाचे चालावे, पाहुण्याचे की पिलाचे? एवढ्याशा प्रश्नात अभयारण्याचे सारे नीतिशास्त्र साठविलेले आहे. किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहून, काहीच न दिसता परत जावे लागले तरी जो गावकऱ्याला हसून 'येतो' म्हणतो, तो त्या पिलाच्या बाजूने आपले मत नोंदवीत असतो.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. मधल्या चार वर्षांत ती कोठे होती, कोणत्या वाटेने आली, हे कोणत्याही माणसाने पाहिलेले नाही. आपण तिला दोन रात्री ओळखतो. बाकीच्या सर्व रात्री ती देवाच्या नजरेत होती.

न दिसणारा वाघ

वेळासच्या उलट टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर, आमच्याच जिल्ह्याला लागून दुसरे एक रान आहे. संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपुराहून प्रचितगड चढून गेले, की चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान लागते. कोयना आणि चांदोली ही दोन्ही १९८५ साली अभयारण्ये झाली. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. नाव व्याघ्रप्रकल्प, पण येथे वर्षानुवर्षे वाघाचा पुरावा म्हणजे पायाचा एखादा ठसा, नाही तर रानात लावलेल्या कॅमेऱ्यातील छायाचित्र. असे एक छायाचित्र २०१८ साली मिळाले, दुसऱ्याची बातमी २०२३ साली आली.

या रानाची थट्टा करणारे आम्ही पाहिले आहेत: 'वाघ नसलेला व्याघ्रप्रकल्प!' आम्हांला मात्र त्याच्याइतका शिकविणारा व्याघ्रप्रकल्प दुसरा आढळत नाही. मराठी वृत्तपत्रे लिहितात, की पर्यटकांना वाघाने 'दर्शन दिले'. भाषा येथे माणसापेक्षा शहाणी आहे. दर्शन देणे हे ज्याचे दर्शन घ्यावयाचे त्याच्या इच्छेवर असते. तिकिटात त्याची हमी नसते. जो वाघ कधी दर्शन देणार नाही, त्याच्यासाठीही रान राखावे, पाणवठे सांभाळावेत, वणवे विझवावेत, ही निष्ठा काही अंशी प्रार्थनेसारखी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे, की देवाचे चांगुलपण एकाच प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. त्यांतला प्रत्येक जीव आपल्या डोळ्यांपुढून गेलाच पाहिजे, असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही.

परंतु चांदोलीचे नाव काढल्यावर आणखी एका गोष्टीविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. या परिसरातील अनेक गावे आधी धरणासाठी आणि मग अभयारण्यासाठी उठली. ज्यांच्या पिढ्या त्या रानात गेल्या, ज्यांच्या आजीने तेथली करवंदे वेचली आणि ज्यांच्या ग्रामदेवतेची देवराई तेथे उभी आहे, त्या माणसांना आज तेथे जाण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. आणि शहरातून आलेला पाहुणा शुल्क भरून आत जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, असा आग्रह धरला. त्याचा अर्थ आम्हांला चांदोलीत कळतो. वाघाला दिलेल्या अभयाची किंमत कोणी तरी मोजलेली असते, आणि बहुधा ती पाहुण्याने मोजलेली नसते. प्रवेशशुल्क ही त्या किमतीची पावती नव्हे.

आणि याच माणसांनी, कायदा येण्याच्या कितीतरी आधी, देवराईच्या रूपाने अभय देऊन ठेवले होते. कोकणातील जुन्या देवरायांतील मोठ्या वृक्षांच्या ढोलीत आजही धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते. नर एका फटीतून तिला आणि पिलांना फळे भरवितो. झाडाखाली माणसांची वर्दळ झाली, की नर जवळ येण्यास कचरतो, आणि आत कोंडलेले कुटुंब उपाशी राहते. त्याचे छायाचित्र सुंदर येते, यात शंका नाही. पण ते कोणाच्या घासाच्या मोलाने आले, हे छायाचित्रात दिसत नाही.

पाहुण्याचा धर्म

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, माणसांनी प्राण्यांशी दयेने वागणे हे त्यांचे देणे आहे, अशी शिकवण आहे. देणे म्हणजे मर्जी नव्हे. सुटीच्या दिवशीही ते चुकवावे लागते. आपल्या धर्मग्रामांतून सहली काढणाऱ्यांनी म्हणून काही साध्या गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

निघण्यापूर्वीच वाहनचालकाला आणि मार्गदर्शकाला सांगावे, की आमच्यासाठी नियम मोडू नका. आणि त्याची बक्षिशी वाघ दिसण्या-न दिसण्यावर ठरवू नये. फाटकावरचा हा तरुण आसपासच्याच गावातला असतो, त्याच्या घरी चूल पेटावयाची असते. आपला हट्ट आणि त्याची गरज यांची गाठ पडली, की वाट अडते; आणि पुढे निलंबन त्याच्या वाट्याला येते, आपल्या नव्हे. पाखराला फसवून जवळ बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये. विणीच्या दिवसांत शत्रू आला असे समजून ते बिचारे पिले सोडून धावून येते. घरट्याजवळ थांबू नये. उतरावयाचे ते गावकऱ्यांच्या घरी उतरावे, म्हणजे ज्यांनी किंमत मोजली त्यांच्या हाती काही तरी परत जाईल. आणि मुलांना सहलीपूर्वीच सांगून ठेवावे, की आपण बोलावलेले पाहुणे नाही. यजमान बाहेर आला, तर त्याचे उपकार, न आला, तर त्याचे घर पाहावयास मिळाले हेही थोडे नाही.

असे घडले, तर मुले निराश होतील, असे पालकांना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाला 'हे तुझ्यासाठी नाही, तरीही चांगले आहे' हे एकदा उमगले, ते मूल पुढे माणसांशीही वेगळे वागते. आजारी शेजाऱ्याकडे, परधर्मीयाकडे, आपल्या काही उपयोगाचा नसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. असिसीकर संत फ्रान्सिस यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, तेव्हा त्यांची पाखरांशी मैत्री होती एवढेच त्यामागे नव्हते. ज्या माणसाला काहीही स्वतःचे करून घ्यावयाचे नव्हते, त्यालाच सारी सृष्टी बहीणभाऊ म्हणून भेटली.

अभय देणे सोपे असते. ते रोज पाळणे कठीण. सरकारने राजपत्रात ते एकदा दिले. त्यानंतर प्रत्येक हंगामात, प्रत्येक फाटकावर, ते पुन्हा द्यावयाचे काम आपल्याकडे येते. भय कोणाचे होते, हे विसरून चालणार नाही. ते आपलेच होते.